नव्या जिल्ह्याचं पान

आधी माफी मागतो. मी लेखक नाही. आजवर मी जे लिहिलं ते 'गावाचं नाव निवडा', 'हिरवं बटण दाबा', 'आता जतन करा' अशा वाक्यांचं होतं. तसल्या लिखाणात लिहिणाऱ्यानं स्वतः कुठं दिसायचं नसतं. त्यामुळे 'मी' असं लिहिताना अजून हात अडखळतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही. आठवणी लिहिणं हे ज्यांच्या घरी पुस्तकांचं कपाट असतं त्यांचं काम, असं मला वाटत आलंय आणि खरं सांगायचं तर अजूनही वाटतं. तरी त्या उन्हाळ्याबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि तेव्हा त्या खोलीत माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

नांदेडला वसतिगृहात आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. मी शिरूर अनंतपाळकडचा, गवंड्याचा मुलगा. तो देवणीचा. त्याच्या वडिलांचं तिथं किराणा-भुसाराचं दुकान होतं. वडिलांना तो अप्पा म्हणायचा, म्हणून मीही त्यांना अप्पाच म्हणत आलो. संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला दोघांनी मिळून एक प्रकल्प करायचा असतो. आम्ही टँकरच्या खेपांची नोंद ठेवणारा प्रोग्राम घेतला. कोणत्या गावाला कधी टँकर आला, किती पाणी ओतलं, कोणत्या वस्तीवर पोचलाच नाही, हे गावातल्याच माणसाला भरता यावं आणि कुणालाही बघता यावं, एवढंच त्याचं काम. त्या वर्षी दुसरा विषय सुचणं अवघडच होतं.

प्रोग्राम त्यानं लिहायचा आणि तो कसा वापरायचा याची माहितीपुस्तिका मी, अशी वाटणी झाली. ती वाटणी झाली तेव्हाच मला कळलं होतं, की खरं काम त्याचं आहे. पुस्तिकेला तो पोथी म्हणायचा.

"पोथीचं कुठवर आलं, महाराज?" असं तो आंघोळीहून आला की विचारायचा.

"तुझा प्रोग्राम चालू दे आधी."

"प्रोग्राम चालंल रे. लोकांला चालवता आला पायजे ना. त्ये तुझ्याकडं."

त्याची एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. अप्पांच्या दुकानात कागद कोरा असा वापरलाच जायचा नाही. आधी वर मधोमध 'श्री' लिहायचा, त्याखाली रेघ ओढायची, मग साखर, तूरडाळ वगैरे. पुडी बांधायच्या कागदावरसुद्धा अप्पा बोटानं श्री काढल्यासारखं करायचे म्हणे. याचं वळण तसंच पडलेलं. उत्तरपत्रिकेवर श्री, बसच्या पासाच्या अर्जावर श्री, आणि प्रोग्रामच्या प्रत्येक फाईलच्या डोक्यावरही श्री, खाली बरोबरच्या चिन्हांची रेघ. संगणकानं वगळायच्या ओळी असतात, त्यांत तो हे लिहायचा.

आमच्या सरांनी एकदा पाहिलं आणि विचारलं, "काय रे, मशिनला कळतो का तुझा श्री?"

"कळत न्हाई सर. पर अडत पण न्हाई."

माझ्या घरात कागदावर लिहायची वेळच फार कमी यायची. तशी काही रीत आमच्याकडं नव्हती. मी त्याचंच पाहून श्री लिहायला लागलो. मला ते आवडायचं. कोऱ्या पानाची भीती जरा कमी व्हायची.

दुष्काळ वाढत गेला तसं वसतिगृह रिकामं होत गेलं. लातूरला रेल्वेनं पाणी आल्याचं आम्ही मेसमधल्या टीव्हीवर पाहिलं. पुढं मेसही बंद झाली. ज्यांच्या गावच्या विहिरीत काही शिल्लक होतं ती मुलं अभ्यासाच्या सुट्टीला म्हणून घरी गेली. आमच्याकडं बांधकामं पाण्याअभावी थांबली होती, वडील घरीच बसून होते, त्यामुळे मी तिथं जाऊन एक तोंड वाढवण्यात अर्थ नव्हता. आणि देवणीला अप्पांचं दुकान चालेना. बाजाराच्या दिवशीही गिऱ्हाईक नाही. हैदराबादला त्याच्या मामांचं मोठं दुकान होतं. सगळ्यांनी तिकडं जायचं ठरलं, आणि एक दिवस त्याला फोन आला, की तूही ये.

मी त्याला सोडायला मुदखेडपर्यंत गेलो. नांदेड स्टेशनवरच निरोप घेता आला असता, पण गाडीत बसलोच. सुटे भाग आणून त्यानं जुळवलेला संगणक खोलीतच राहिला होता.

"तोंडी परीक्षेला येतोस ना?" मी विचारलं.

"येतो की. न्हाई आलो तर सर वर्ष घालवतेत म्हनलेत." तो हसला. "तू पोथी पुरी कर. प्रोग्राम मी विसरून जाईन तिकडं तांदूळ मोजता मोजता. आलो की तुझी पोथी वाचतो आन् उभा राहतो परीक्षकापुढं."

मुदखेडला मी उतरलो. गाडी निजामाबादकडं गेली. परतीच्या गाडीची वाट बघत मी फलाटावर बसून राहिलो, आणि पुस्तिकेचा मजकूर पहिल्यांदा खऱ्या अर्थानं डोक्यात यायला लागला. तोवर मी ती सगळ्यांसाठी लिहीत होतो. म्हणजे कुणासाठीच नाही.

काही दिवसांनी त्याचा फोन लागेनासा झाला.

वसतिगृहात रोज माणशी एक बादली पाणी मिळायचं. वॉचमनच्या यादीत आमच्या खोलीपुढं दोन माणसं होती, ती त्यानं बदलली नाहीत. तो दोन्ही बादल्या भरून द्यायचा आणि म्हणायचा, "मजा हाय बाबा तुझी. दोघांचं पानी एकट्याला." मी मित्राची बादली त्याच्या रिकाम्या खाटेशी नेऊन ठेवायचो. दुसऱ्या दिवशी ती माझ्या बादलीत ओतून घ्यायचो, कारण पाणी वाया घालवायचे ते दिवस नव्हते. पण एक दिवस ती तिथं राहू द्यायचो.

मी त्याचा प्रोग्राम वाचायला बसलो. दुसऱ्याचा प्रोग्राम वाचणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात तो नसताना वावरण्यासारखं असतं. कुठं काय ठेवलंय ते हळूहळू कळतं. जागोजागी त्यानं स्वतःसाठी टिपा लिहिल्या होत्या. 'हे असं का केलं ते इचारू नका.' 'इथं टँकर पंक्चर झाला तर?' त्या वाचताना मला त्याचा आवाज ऐकू यायचा, आणि खोलीत तेवढाच एक आवाज असायचा. एकेक भाग समजला की मी त्यावर एक पान लिहायचो. सोपं लिहायचो. आधी वाटायचं, ग्रामपंचायतीतल्या माणसाला कळेल असं लिहावं. मग लक्षात आलं, की मी त्यालाच सांगतोय. तुझ्याच प्रोग्राममध्ये हे असं आहे बघ, विसरला असशील तर.

सगळ्यात वेळ गेला तो 'नवा जिल्हा कसा जोडावा' या पानावर.

ही त्याचीच हौस. लातूर जिल्हा फोडून उदगीर जिल्हा होणार आणि देवणी त्यात जाणार, हे त्यांच्याकडं लहानपणापासून ऐकत आलेलं. म्हणून त्यानं जिल्ह्यांची नावं प्रोग्रामच्या आत पक्की न लिहिता वेगळ्या फाईलमध्ये ठेवली होती. तिथं एक ओळ वाढवली, तालुके त्या नावाखाली हलवले, की प्रोग्राममध्ये नवा जिल्हा तयार. पण एक अडचण होती. तालुका हलवला, तर त्या तालुक्याच्या आधीच्या खेपांचं काय करायचं? त्या जुन्या जिल्ह्यात दाखवायच्या की नव्या? त्याच्या टिपांमध्ये उत्तर नव्हतं. प्रोग्राम नीट वाचला तेव्हा दिसलं, की त्यानं प्रत्येक खेपेबरोबर तेव्हाचा जिल्हाही लिहून ठेवला होता. मग मी पानावर लिहिलं: 'जुन्या खेपा जुन्याच जिल्ह्यात राहू द्या. त्या तेव्हा तिथंच होत्या.'

हे वाक्य लिहून मी बराच वेळ त्याच्याकडं बघत बसलो. बरं झालं होतं की नाही ते सांगायला कुणी नव्हतं.

आईचा फोन यायचा.

"काय करायलास रे?"

"लिहायलो."

"परीक्षा हाय का?"

"परीक्षा न्हाई आई. माहितीपुस्तिका लिहितोय. प्रोग्राम कसा वापरायचा त्याची."

"मग वापरनाऱ्याला तोंडानं सांगावं की. लिवायचं कशाला येवढं?"

"मी नसलो तिथं तर?"

ती म्हणाली, "कोन वाचनार हाय त्ये?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी म्हटलं, जेवलीस का.

मे निम्मा सरला तेव्हा मी दोन दिवस गावी जाऊन आलो. आईला भेटून परत येताना वाट वाकडी करून देवणीला गेलो. दुकानाचं शटर खाली होतं. पायरीवर धूळ होती, आणि शटरवर खडूनं काढलेला श्री निम्मा पुसलेला. शेजारी एक टेलर मशीनवर झोपाळून बसला होता.

"कोन पायजे?"

मी सांगितलं.

"गेले की हैदराबादला सगळे. तू कोन, पाव्हना का?"

"मित्र हाय. नांदेडला एका खोलीत राहतो. त्याची परीक्षा आलीय काका. फोन लागत न्हाई."

"आता परीक्षा कसली घेऊन बसलास? हितं प्यायला पानी न्हाई." मग त्यानं मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि तांब्या पुढं केला. "घे. दोनच घोट घे पन."

मी दोनच घोट घेतले.

"येतेत म्हनं परत," तो म्हणाला. "अप्पा जाताना म्हनले, जिल्हा झाला का येतो. मी म्हनलं अप्पा, म्हंजे येनार न्हाई असंच म्हना की." आणि तो स्वतःच्याच बोलण्यावर मोठ्यानं हसला. हसणं संपल्यावर म्हणाला, "नंबर न्हाई माझ्याकडं. अप्पाचा भाचा येतो कवा कवा कुलूप बघायला. त्याच्याकडं निरोप देतो. काय सांगू?"

मी परीक्षेची तारीख सांगितली. आणि म्हटलं, "पोथी झालीय म्हणावं."

"कसली पोथी? शिवलीलामृत का?"

"तेवढंच सांगा. कळंल त्याला."

तसं पाहिलं तर पोथी झाली नव्हती. पुस्तिकेची पानं साध्या मजकुराच्या फायलींत लिहायची असतात. मग एक आज्ञा दिली की त्यांची एकमेकांना जोडलेली, अनुक्रमणिका असलेली पानं तयार होतात. याला बिल्ड म्हणतात. ते करायचं साधन उतरवून घ्यायला इंटरनेट लागायचं, आणि कॉलेजची लॅब बंद होती. म्हणून पुस्तिका पूर्ण लिहून झाली तरी मी ती एकदाही बिल्ड केली नव्हती. सरांना विनवून एक दुपार लॅब उघडून घेतली, साधन पेन ड्राइव्हवर आणलं आणि खोलीवर येऊन आज्ञा दिली. पडद्यावर लाल ओळी सरकत गेल्या. शेवटी पानं तयार झाली. मी अनुक्रमणिका उघडली.

श्री. श्री. श्री. श्री. श्री.

वरपासून खालपर्यंत तेवढंच. एकाही पानाचं नाव नाही. 'टँकरची नोंद' नाही, 'गाव शोधणे' नाही, 'नवा जिल्हा' नाही. कुठल्याही श्रीवर टिचकी मारली की कुठलं तरी पान उघडायचं.

खोलीत दुसरं कुणी असतं तर आम्ही हसून लोळलो असतो. मी हसायला सुरुवात केली, पण एकट्याचं हसणं फार टिकत नाही. मग भीती वाटायला लागली. कारण कळायला दोन दिवस गेले. या पद्धतीत ज्या ओळीखाली रेघ असते ती ओळ म्हणजे शीर्षक, आणि पहिलं शीर्षक म्हणजे पानाचं नाव. मी त्याच्यासारखंच प्रत्येक फाईलच्या डोक्यावर श्री लिहून खाली रेघ ओढली होती. त्याच्या प्रोग्राममध्ये ते अडत नव्हतं. माझ्या पुस्तिकेत अडलं.

श्री काढून टाकला की काम झालं असतं. मी एका फाईलमधला काढलाही. ते पान उघडं पडल्यासारखं दिसायला लागलं, म्हणून परत लिहिला. मग साधनाची इंग्रजी माहितीपुस्तिका शब्दकोश शेजारी घेऊन वाचत बसलो. तिच्यात एका कोपऱ्यात सापडलं, की ओळीच्या सुरुवातीला दोन टिंबं देऊन जागा सोडली, तर ती ओळ फाईलमध्ये राहते पण तयार पानावर दिसत नाही. मी एकेका फाईलमधली रेघ काढली आणि श्रीच्या आधी दोन टिंबं दिली. पुन्हा बिल्ड केलं. सगळी पानं आपापल्या नावानिशी ओळीत उभी राहिली. श्री होता तिथंच होता. मूळ फाईल उघडणाऱ्यालाच दिसला असता. आणि मूळ फाईल कोण उघडणार!

सरांच्या मदतीनं मी प्रोग्राम आणि पुस्तिका दोन्ही इंटरनेटवर कुणालाही मोफत उतरवता येतील अशी ठेवली. पत्ता त्याच्या ईमेलवर पाठवला. उत्तर आलं नाही.

तोंडी परीक्षेच्या दिवशी मी त्याचा इस्त्री केलेला शर्ट खुंटीला लावून ठेवला होता. तो मागं राहिला होता त्याच्या ट्रंकेत. सकाळी हैदराबादची गाडी येऊन गेली. तासाभरानं मी कॉलेजात गेलो. सरांनी आमचा नंबर शेवटचा ठेवला, तेवढं त्यांच्या हातात होतं. दुपार कलली तरी तो आला नाही. परीक्षकांनी त्याच्या नावापुढं गैरहजर लिहिलं. मग माझ्याकडं वळून पुस्तिकेची छापील प्रत चाळायला लागले. नव्या जिल्ह्याच्या पानावर थांबले.

"हा नवा जिल्हा कुठंय?"

"झाला नाही अजून, सर."

"मग हे पान कशासाठी?"

उत्तर होतं, पण ते परीक्षेत सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "लागलं तर असावं म्हणून."

त्यांनी पान उलटलं. मी पास झालो. त्याचं वर्ष गेलं.

पुढं मला लातूरला संगणकाच्या क्लासमध्ये शिकवायचं काम मिळालं. नांदेडची खोली सोडताना त्याचा संगणक पोत्यात गुंडाळून बसच्या टपावर टाकला आणि लातूरला माझ्या खोलीत लावला. दुष्काळ सरला. वडील पुन्हा कामावर जायला लागले. क्लासमध्ये मुलं मला सर म्हणायची, मी त्यांना टायपिंग शिकवायचो, संध्याकाळी डबा खायचो. माझ्या गावापासून इतक्या जवळ राहूनही मला कुणाकडं जावंसं वाटायचं नाही. अधूनमधून पुस्तिका उघडून बघायचो. तिथं किती लोक येऊन गेले ते दिसायचं. बहुतेक वेळा तो एक माणूस मीच असायचो. एखाद दिवस दुसरं कुणी आलेलं दिसलं, की वाटायचं तो असेल. मग वाटायचं, कुणीतरी चुकून आला असेल. तरी मी चुका दुरुस्त करत राहिलो. उदगीर जिल्ह्याची घोषणा होणार अशी बातमी आली की तेवढं पान पुन्हा तपासायचो. जिल्हा काही व्हायचा नाही.

असं एक वर्ष गेलं. एका दुपारी मुलं जेवायला गेली होती तेव्हा फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"ती दोन टिंबं कुनी शिकिवली रे तुला?"

मी उठून वर्गाचं दार लोटून घेतलं.

"ऐकतोस का? श्रीच्या म्होरं दोन टिंबं दिलीस बघ. मी फाईल उघडली आन् बघतच राहिलो. कुनी शिकिवलं?"

"कुनी न्हाई," मी म्हटलं. "कोन होतं तिथं?"

मागं कुठंतरी गाडीचा भोंगा वाजला. मग तो सावकाश सांगायला लागला. टेलरचा निरोप पोचला होता, परीक्षेच्या आधीच पोचला होता. पण मामांच्या दुकानात अप्पा तेव्हा नवे होते. जन्मभर स्वतःच्या गल्ल्यावर बसलेला माणूस दुसऱ्याच्या दुकानात पोती उचलत होता, आणि त्यांना तसं सोडून याचा पाय निघाला नाही. तिकडं गेल्यावर त्याचा नंबर बदलला होता, आणि नंतर लाज वाटत राहिली, म्हणून फोन केला नाही. या वर्षी कुणालाच न सांगता परीक्षेचा अर्ज भरला.

"प्रोग्राम सगळा इसरलो होतो," तो म्हणाला. "तुझी पोथी एकदाच मोबाईलवर उतरवून घेतली आन् दुकानात वाचायचो. अप्पा म्हनायचे, काय वाचतोस रे येवढं? रोज वाचायचो."

"आता कुठं आहेस?"

"मुदखेडला हाय. परत हैदराबादला निघालो, गाडी बदलायची हाय. सकाळी नांदेडात होतो, परीक्षेला."

"मग?"

"त्येच परीक्षक होते. म्हनले, नवा जिल्हा जोडून दाखव. जोडला. म्हनले, जुन्या खेपांचं काय करशील? मी म्हनलं सर, त्या तिथंच राहू द्यायच्या, त्या तवा तिथंच होत्या." "झालो रे पास."